क्रूझवरचे कार्यक्रम हुकू नयेत म्हणून : मुंबईहून पहिल्यांदा जहाजाने निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

आमच्या पहिल्या क्रूझवर आम्ही चौघांनी मुख्य थिएटरमधला एकही प्रयोग पाहिला नाही. प्रयोग दोन्ही रात्री झाले, त्यांना वेगळे तिकीट नव्हते आणि आमची पाहण्याची इच्छाही होती. परंतु आमची जेवणाची पाळी आणि प्रयोगाची वेळ एकच होती, हे आम्हांला जेवणाच्या टेबलावर बसल्यानंतर कळले. पुढच्या वर्षी त्याच माणसांसह, म्हणजे मी, माझे यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, पुन्हा तीन रात्रींची मुंबई-गोवा सफर केली, तेव्हा थोडी तयारी करून गेलो आणि जवळजवळ सगळे मनासारखे पाहता आले. या दोन सफरींत जे समजले ते येथे क्रमवार लिहीत आहे. जहाजावर करमणुकीची वाण नसते. अडचण एवढीच असते, की सगळे एकाच वेळी चाललेले असते आणि आपल्याला कोणी बोलवायला येत नाही.

१. तिकीट काढतानाच विचारून घ्यायच्या गोष्टी

मुंबईहून होणाऱ्या सफरींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो, कारण पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शक्य झाल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. या दिवसांत समुद्र बराचसा शांत असतो आणि दुपारी उघड्या डेकवर बसता येते. मे महिन्यात मात्र डेकवरचे दुपारचे खेळ उन्हामुळे नकोसे होतात.

केबिन निवडताना बहुतेक जण खिडकी किंवा बाल्कनी आहे का एवढेच पाहतात. त्याबरोबर जहाजाचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या नेमके वर आणि नेमके खाली काय आहे, हेही पाहावे. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आणि खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत ढोलाचा ठेका जमिनीतून जाणवतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा उत्तम. ज्यांना बोट लागण्याची भीती आहे त्यांनी जहाजाच्या मध्यभागातील आणि खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी. सी-सॉच्या फळीची टोके सर्वांत जास्त वरखाली होतात आणि मधला भाग जवळजवळ स्थिर राहतो, तसेच जहाजाचेही असते.

जेवणाची पाळी आरक्षणाच्या वेळीच विचारावी. पुष्कळ जहाजांवर रात्रीचे जेवण आणि थिएटरमधला प्रयोग दोन पाळ्यांत असतो, म्हणजे पहिली पाळी जेवत असताना दुसरी पाळी प्रयोग पाहते आणि नंतर अदलाबदल होते. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर लवकरची जेवणाची पाळी मागून घ्यावी. ती जहाजावर गेल्यावर बदलून मिळतेही, पण त्यासाठी पहिल्याच दुपारी रांगेत उभे राहावे लागते. जैन किंवा कांदा-लसूण विरहित जेवण हवे असल्यास तेही आधीच नोंदवावे.

२. कागदपत्रे आणि हातातली पिशवी

देशांतर्गत सफरीसाठी प्रत्येक प्रवाशाचे छायाचित्र असलेले मूळ शासकीय ओळखपत्र लागते : आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. लहान मुलांसाठी आधार किंवा जन्मदाखला बरोबर ठेवावा. श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला जाणारी सफर असेल तर किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि त्या देशाच्या नियमाप्रमाणे व्हिसा लागतो. वेब चेक-इन घरीच पूर्ण करून बोर्डिंग पासची छापील प्रत काढावी, कारण गर्दीत मोबाइलची बॅटरी संपलेली माणसे मी दोन्ही वेळा पाहिली. गर्भवती स्त्रिया आणि तान्ही बाळे यांच्याबाबत बहुतेक कंपन्यांच्या स्पष्ट अटी असतात. त्या पैसे भरण्यापूर्वी वाचाव्यात.

मोठे सामान टर्मिनलवरच ताब्यात घेतले जाते आणि केबिनच्या दाराशी काही तासांनी पोहोचते. त्यामुळे हातातल्या पिशवीत ओळखपत्रे, सर्वांची औषधे, चष्मे, मोबाइल चार्जर आणि पोहण्याचे कपडे असलेच पाहिजेत. पहिल्या दुपारी लोक जेवणात आणि केबिन शोधण्यात गुंतलेले असल्याने पूल जवळजवळ रिकामा असतो. आमच्या मुलीने पहिल्या सफरीत तो काठावर उभे राहून नुसता पाहिला, कारण तिचा स्विमसूट मोठ्या बॅगेत होता.

एक शाल किंवा स्वेटर प्रत्येकाने घ्यावा. थिएटरमधला एसी फार कडक असतो, आणि रात्री डेकवर वारा असतो. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्त्या आणि बाहेरचे मद्य नेता येत नाही. त्यात देवापुढे लावायची उदबत्ती आणि निरांजनही आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

३. टर्मिनलवर पोहोचणे

क्रूझची जहाजे बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून सुटतात, ज्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. टॅक्सीवाल्याला ‘गोव्याची बोट’ एवढेच सांगितल्यास तो भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेवर नेण्याचा संभव आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (वाहनेही नेणारी बोट) सुटते आणि गेटवेवरून लाँच. ‘बॅलार्ड इस्टेट’ असे सांगावे आणि बंदराच्या कोणत्या गेटने आत जायचे ते बोर्डिंग पासवर पाहून ठेवावे. सीएसएमटी स्थानकावरून टॅक्सीने फार तर दहा मिनिटे लागतात. सामान बेताचे असेल तर लोकलने येणे सर्वांत निर्धोक. आपल्याला दिलेल्या वेळेतील सुरुवातीची वेळ गाठावी, कारण जहाजावरच्या अनेक कार्यक्रमांची नोंदणी पहिल्या दोन तासांत भरून जाते.

४. मस्टर ड्रिल चुकवू नये

जहाजावर चढल्यावर पहिला कार्यक्रम करमणुकीचा नसतो, पण तो मनापासून करावा. मस्टर ड्रिल म्हणजे संकटकाळी कोठे जमायचे आणि लाइफ जॅकेट कसे घालायचे याची तालीम. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया कलंडले, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची तालीम झालेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा सर्वांनी जमण्याचा इशारा होय. आपल्या मस्टर स्टेशनचे, म्हणजे जमण्याच्या जागेचे, अक्षर की-कार्डावर (केबिनची किल्ली म्हणून मिळणाऱ्या कार्डावर) छापलेले असते. ते मुलांकडून पाठ करून घ्यावे आणि केबिनपासून तेथपर्यंत जिन्याने एकदा चालून यावे. या फेरफटक्यात थिएटर, लायब्ररी, बुफे आणि मुलांचा क्लब कोठे आहे हेही आपोआप कळते.

५. कार्यक्रमपत्रक पेन्सिल घेऊन वाचावे

दररोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रमपत्रक केबिनमध्ये येते. काही जहाजांवर ते मोबाइल ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर दिसते. पहिल्या सफरीत आमचे पत्रक चहाच्या कपांखाली पडून होते. दुसऱ्या सफरीत मुलीने लाल पेन्सिल घेतली, पलंगावर मांडी घालून बसली आणि प्रत्येकाला आलटून पालटून विचारले, “तुला काय बघायचंय? एकच सांग.” आजीने अंताक्षरी सांगितली, बाबांनी प्रश्नमंजूषा, मी संध्याकाळचे वाद्यसंगीत आणि तिने स्वतः रॉक क्लाइंबिंग. या चार गोष्टींभोवती गोल काढले गेले आणि मग उरलेल्या वेळेकडे पाहिले. हीच पद्धत मी आता सर्वांना सुचवते : प्रत्येकाने दिवसाला एक गोष्ट निवडावी, ती घरच्यांनी मिळून पाळावी आणि बाकीचा दिवस मोकळा सोडावा.

पत्रक वाचताना काही खुणा ओळखाव्यात. ज्या कार्यक्रमापुढे ‘नोंदणी आवश्यक’ असे लिहिलेले असते, त्याची नोंदणी सकाळीच करावी. क्लाइंबिंगची भिंत, स्वयंपाकाचे प्रात्यक्षिक आणि नृत्याचे वर्ग यांना जागा मोजक्या असतात. ज्या कार्यक्रमाची वेळ दोनदा दिलेली असते, त्याची दुसरी वेळ निवडली तर गर्दी बहुधा कमी मिळते. जो कार्यक्रम संपूर्ण सफरीत एकदाच आहे त्याला नेहमी अग्रक्रम द्यावा. तांबोला आणि अंताक्षरी रोज असतात, कप्तानाची भेट किंवा एखाद्या पाहुण्या कलाकाराची मैफल एकदाच असते. तांबोल्याच्या तिकिटाला पैसे पडतात, तर अंताक्षरी, प्रश्नमंजूषा आणि लॉबीतले गाणे-बजावणे भाड्यातच असते.

दुपारी दोन ते चार या वेळेत बहुतेक माणसे जेवून झोपतात. पुस्तक घेऊन बसणे, टेबल टेनिस, कॅरम आणि पूल या सर्वांसाठी हीच वेळ चांगली. सकाळी पूलाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवण्याची पद्धत आपल्याकडेही रुजू लागली आहे. ती आपण पाळू नये, आणि अशी खुर्ची बराच वेळ रिकामी दिसल्यास वाद न घालता तेथील कर्मचाऱ्याला सांगावे.

अंताक्षरीबद्दल थोडे लिहायला हवे. निवेदक बहुधा हिंदीतच सुरुवात करतात, त्यामुळे सासूबाई पहिला अर्धा तास मागच्या खुर्चीवर गप्प होत्या. मग कोल्हापूरहून आलेल्या एका गटाने मराठी गाणी चालतील का, असे विचारले आणि निवेदकाने आनंदाने मान्य केले. पुढचा तास सासूबाई आणि त्या गटातील दोन काकू यांनीच चालवला, आणि ‘ळ’ आल्यावर काय करायचे यावर जे खलबत झाले ते अजून आमच्या घरी सांगितले जाते. आपल्या भाषेतले काही हवे असल्यास विचारावे. विचारल्यावर नकार मला तरी एकदाही मिळाला नाही.

६. थिएटरमध्ये जागा कशी धरावी

प्रयोगाच्या वीस ते तीस मिनिटे आधी पोहोचावे. पुष्कळ जहाजांवर थिएटर पुढच्या किंवा मागच्या टोकाला असते आणि तेथे हेलकावे अधिक जाणवतात, म्हणून ज्यांना मळमळते त्यांनी दाराजवळची, मधल्या वाटेलगतची जागा घ्यावी. खांबामागच्या जागा आधी पाहून टाळाव्यात. जादूचे प्रयोग आणि नृत्यनाट्ये मुलांना चालतात; रात्री उशिराचे विनोदी कार्यक्रम कधीकधी केवळ प्रौढांसाठी असतात आणि तसे पत्रकावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. रात्रीचे जेवण अंगावर येईपर्यंत जेवून प्रयोगाला बसू नये. प्रयोगानंतरही बुफे किंवा अल्पोपाहार बहुधा मिळतो.

७. मुले आणि ज्येष्ठ

मुलांच्या क्लबमध्ये वयोगट पाडलेले असतात आणि नावनोंदणीसाठी पालकांची सही लागते. ती पहिल्याच दिवशी करावी. मुलाला कशाची ॲलर्जी आहे, त्याला घ्यायला कोण येणार आहे, हे तेथे स्पष्ट लिहून द्यावे. पूलाकाठी जीवरक्षक असेलच असे गृहीत धरू नये; मूल पाण्यात असेपर्यंत घरचे एक माणूस काठावर असावे आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. जहाजाच्या पूलाचे पाणी जहाजाबरोबर डुलते, त्यामुळे कंबरेएवढ्या पाण्यातही मूल अचानक ढकलले जाते.

ज्येष्ठांसाठी लिफ्टजवळची केबिन घ्यावी. जहाजातील दारांना, विशेषतः डेककडे जाणाऱ्या दारांना, उंच उंबरठे असतात. सासूबाई पहिल्या दिवशी त्याला ठेचकाळल्या. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी.

८. बोट लागली तर

बोट लागणे हा दुबळेपणा नव्हे. डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसत असते आणि कानातील तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगत असतो. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळते. त्यामुळे उपाय असा, की केबिनमध्ये पडून न राहता डेकवर मध्यभागी जाऊन क्षितिजाकडे पाहावे. पोट रिकामेही ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आलेपाक आणि आवळासुपारी आम्ही बरोबर नेली होती आणि ती आमच्यापुरती उपयोगी पडली. गोळी घ्यायची असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये.

९. डेकवरचा कार्यक्रम कोणत्याच पत्रकात नसतो

मला या सफरींत सर्वांत जास्त जे आवडले ते पत्रकावर छापलेले नव्हते, म्हणून त्याच्या वेळा येथे देते.

जहाज बंदरातून बाहेर पडताना शहर उजव्या हाताला राहते. गेटवे, ताज आणि कुलाबा पाहायचा असेल तर उजव्या कठड्याशी उभे राहावे. कुलाब्याच्या टोकाशी १८७५ चे प्राँग्ज दीपगृह दिसते. तेथून बाहेर पडल्यावर डाव्या बाजूला जावे, कारण दक्षिणेकडे जाताना सारा कोकण किनारा डाव्या हाताला असतो. उजेड असेल तर काही वेळाने खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांची जोडी दिसते. खांदेरीचा किल्ला जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. सूर्यास्त मात्र उजवीकडे होतो. म्हणजे पहिल्या संध्याकाळी दोन्ही बाजूंना एकेक फेरी घालावीच लागते आणि लोक नेमके त्याच वेळी डेक पार्टीच्या ध्वनिक्षेपकाभोवती जमलेले असतात, त्यामुळे कठड्याशी जागा सहज मिळते. परतीच्या प्रवासात सर्व उलटे : किनारा उजवीकडे, मावळता सूर्य डावीकडे.

दुसऱ्या सफरीत खांदेरीच्या दीपगृहाचा झोत पहिल्यांदा फिरला तेव्हा सासूबाईंनी माझा दंड धरला. त्यांचे माहेर हर्णैचे. “आमच्या वेळी बोट धक्क्याला लागायचीच नाही गं हर्णैला. बोट लांब उभी राहायची, आम्ही पडावातून जायचो आणि खलाशी हात धरून वर ओढून घ्यायचे. आईच्या डोक्यावर ट्रंक.” त्या पुढचा तासभर कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि किनाऱ्यावरचा प्रत्येक दिवा हर्णैचा आहे का, असे विचारत होत्या. हर्णैला पोहोचायला जहाजाला अजून बराच अवकाश होता. मी प्रत्येक वेळी तसे सांगितले आणि त्या प्रत्येक वेळी “बरं” म्हणाल्या. आम्ही त्या रात्री जादूचा प्रयोग सोडला.

तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या जवळपासची सफर निवडावी आणि पूलापासून दूर, कमी दिव्यांचा कोपरा शोधावा. सूर्योदयाला सह्याद्रीची काळी रेघ दिसते. त्यासाठी जाताना डावीकडे उभे राहावे. कठड्यावर चढणे, मुलांना त्यावर बसवणे किंवा सेल्फीसाठी बाहेर झुकणे कदापि करू नये. टोपीला दोरी बांधावी आणि कागदी कप, पिशव्या वाऱ्यावर सोडू नयेत; त्या थेट समुद्रात जातात.

१०. पैसे आणि मोबाइल

मुख्य रेस्टॉरंट व बुफेतील जेवण, थिएटर, पूल, जिम आणि दिवसाचे बहुतेक खेळ भाड्यात असतात. मद्य, स्पा, कॅसिनो, खास रेस्टॉरंट, छायाचित्रे, इंटरनेट आणि बंदरावरची सहल यांना वेगळे पैसे पडतात. जहाजावर रोख चालत नाही. खर्च की-कार्डावर चढतो आणि शेवटी एकदम दिसतो, म्हणून रोज संध्याकाळी स्वागतकक्षात तोवरचा खर्च विचारावा. मुलांच्या कार्डावर खर्च बंद ठेवता येतो. कॅसिनोला वयाची अट असते. आम्ही गेलो नाही, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते. काही जहाजांवर उपग्रहाद्वारे चालणारे जहाजाचे नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि त्याचे रोमिंग फार महाग असते. म्हणून जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि घरच्यांना आधी तसे सांगून ठेवावे. घरातली माणसे हरवू नयेत म्हणून भेटीची एक जागा आणि वेळ ठरवावी. आम्ही प्रत्येक जेवणापूर्वी लॉबीतल्या जिन्याशी भेटत होतो.

११. गोव्याचा दिवस

जहाज मुरगाव बंदरात लागते आणि पणजी तेथून बरीच दूर आहे. स्वतः टॅक्सी करून जाणाऱ्यांनी परत चढण्याच्या वेळेच्या किमान एक तास आधी बंदरावर यावे. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज बहुधा थांबते, आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. गोवा आधी पाहिलेला असेल तर जहाजावरच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लाइंबिंगच्या भिंतीवर त्या दिवशी मुलीला तीन वेळा चढायला मिळाले.

१२. शेवटची रात्र

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेपूर्वी केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, ओळखपत्रे आणि औषधे त्यात जाणार नाहीत, हे दोनदा तपासावे. बिल रात्रीच मागून एकेक नोंद पाहावी. आमच्या बिलात दुसऱ्या केबिनच्या दोन कॉफ्या चढल्या होत्या. स्वागतकक्षात रात्री सांगितल्यावर पाच मिनिटांत वजा झाल्या, तर सकाळी त्याच खिडकीपुढे रांग लॉबीच्या टोकापर्यंत गेली होती. गजर पहाटेचा लावावा. बंदरात शिरताना मुंबई डाव्या हाताला येते आणि त्या वेळी डेकवर चहा मिळतो.